औषध संपते, बाटली उरते

रुग्णाला कोणते औषध दिले, मात्रा किती, अनुपान कोणते, पथ्य काय सांगितले, हे सारे आमच्या दवाखान्याच्या वहीत सापडेल. औषध संपल्यानंतर बाटलीचे काय झाले, याची नोंद मात्र वीस वर्षांच्या व्यवसायात आम्ही कधी ठेवली नाही. ती ठेवावी असे मनातही आले नव्हते. ते आमच्या मनात आणून दिले एका कचरावेचक बाईंनी, आणि त्यासाठी त्यांना स्वतःचे रक्त सांडावे लागले, म्हणून हा लेखनप्रपंच.

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडून धूप लावत होतो, तोच आमच्या पुण्याच्या उपनगरात घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या एक बाई उजव्या हाताला फडके गुंडाळून पायरीशी आल्या. फडके उलगडून पाहिले, तर अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून तळहाताकडे गेलेला खोल छेद, आणि त्याच्या टोकाशी काचेची कपची रुतलेली. त्या जागेचे नाव या नियतकालिकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. ते क्षिप्र मर्म. तेथे वेध झाल्यास आक्षेपक उद्भवून मृत्यू येतो असे सुश्रुतांनी सांगून ठेवले आहे, आणि धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली या आमच्या प्रश्नाला बाईंकडे उत्तर नव्हते.

जखम धुतली, कपची काढली, लस दिली, आणि टाके घालण्यासाठी शल्यतज्ज्ञ मित्राकडे त्यांना रिक्षात बसवून पाठविले. निघताना त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, बाटली तुमचीच हाय. लेबल वळखीचं हाय ना.’’ त्यात तक्रारीचा सूर नव्हता. दुखते कोठे हे जसे सांगावे तसे त्यांनी ते सांगितले. आम्ही मात्र दिवसभर दुसऱ्या कशात लक्ष घालू शकलो नाही. संध्याकाळी चौकशी केली. बाटली दशमूलारिष्टाची होती, आमच्याच दवाखान्यातून एका बाळंतिणीसाठी दिलेली. रिकामी झाल्यावर ती ओट्यावरून पडून फुटली. घरच्या मंडळींनी निष्काळजीपणा केला असेही नाही. उलट त्यांनी तुकडे वर्तमानपत्रात नीट गुंडाळले, ते पुडके भाजीच्या देठांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवीला गाठ मारली. कोणाला लागू नये म्हणून केलेली ही काळजी. काच दिसेनाशी झाली, आणि दिसेनाशी झाली म्हणूनच ओला कचरा वेगळा करण्यासाठी पिशवी सोडणाऱ्या हाताला ती लागली.

त्या घराला आम्ही काय सांगितले होते? जेवणानंतर, समभाग कोमट पाण्यातून. बाटलीविषयी चकार शब्द सांगितला नव्हता.

काचेचे काम आमच्या शास्त्राला नवीन नाही. सुश्रुतांनी अनुशस्त्रांच्या गणनेत वेळूची साल, स्फटिक, काच, कुरुविंद अशी नावे घेतली आहेत. बालके, शस्त्राला भिणारे रुग्ण, किंवा शस्त्र हाताशी नसेल असा प्रसंग, यांसाठी ही साधने. म्हणजे काचेचा तुकडा शस्त्राच्या जागी वापरण्याइतका धारदार असतो, हे आम्ही पहिल्या वर्षापासून पाठ करीत आलो. ते ज्ञान परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत राहिले. रसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाची आठवण तर अनेकांना असेल. रससिंदूर करण्यासाठी काचकूपी हवी. तिच्यावर कापडमातीचे सात थर चढवायचे, कज्जली भरून वालुकायंत्रात ठेवायची, मृदू, मध्यम, तीव्र असा क्रमाग्नी द्यायचा, स्वांगशीत झाल्यावर रॉकेलमध्ये भिजवलेला दोरा बांधून पेटवायचा आणि ओले फडके लावून कूपी तडकवायची. ही कूपी म्हणून आमच्या महाविद्यालयात बिअरच्या रिकाम्या बाटल्या भंगारवाल्याकडून आणल्या जात. (त्या आणायला जाण्याच्या कामी स्वयंसेवकांची कधीच वाण पडत नसे.) आमचे रससिंदूर कोणी तरी कचऱ्यातून अख्खी, न फुटलेली बाटली वेगळी काढून ठेवली होती म्हणून सिद्ध झाले, हा विचार तेव्हा शिवला नाही. त्या फुटलेल्या कूपीचे तुकडे पुढे कोठे गेले, हेही कोणी विचारले नाही. त्यांना पारदाचे अवशेष चिकटलेले असतात. ज्या औषधालयांत आजही कूपीपक्व कल्प तयार होतात त्यांनी तरी हे तुकडे सामान्य काचेत मिसळू नयेत. ते बंद भांड्यात वेगळे साठवून घातक कचऱ्याच्या अधिकृत व्यवस्थेकडेच द्यावेत.

आता साध्या बाटलीकडे वळू. वाळू, सोडा आणि चुनखडी हे काचेचे मुख्य घटक. ती वितळविण्यासाठी भट्टीचे तापमान सुमारे १५०० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे लागते. जुनी काच दळून या मिश्रणात घातली, की ती कच्च्या मालापेक्षा लवकर वितळते. कारखान्यात या भंगार काचेला कलेट म्हणतात. मिश्रणातील कलेटचे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढवावे, तसतशी भट्टीला लागणारी ऊर्जा साधारणपणे २.५ ते ३ टक्क्यांनी कमी होते, हा उद्योगातील सर्वमान्य हिशेब आहे. एक टन कलेट हा एक टनाहून अधिक कच्च्या मालाची जागा घेतो, कारण सोडा आणि चुनखडी तापताना त्यांतून जो कर्बवायू निघून जातो तो कलेटच्या बाबतीत आधीच निघून गेलेला असतो. शिवाय कागद किंवा प्लास्टिक यांसारखी प्रत्येक फेरीत काच कनिष्ठ होत जात नाही. बाटलीची बाटली कितीही वेळा होऊ शकते. अट एकच, भट्टीत जाणारी काच शुद्ध असली पाहिजे.

येथे ‘शुद्ध’ या शब्दाने आम्ही वैद्य मंडळींनी कान टवकारावेत. चिनी मातीच्या फुटक्या बरणीचा एखादा तुकडा काचेत मिसळला, तर तो त्या तापमानाला वितळत नाही. तो नव्या बाटलीच्या अंगात खड्यासारखा राहतो, आणि बाटली भरताना किंवा गरम-थंड होताना नेमकी त्या ठिकाणी तडकते. प्रयोगशाळेतील चंचुपात्रे आणि भट्टीत ठेवायची काचेची भांडी बोरोसिलिकेट काचेची असतात, तीही साध्या काचेबरोबर एकजीव होत नाहीत. आरशाला मागून लेप असतो. ट्यूबलाइट आणि सीएफएल दिव्यांत पारा असतो. तेव्हा ‘काच ती काच’ हे म्हणणे ‘सालम ती सालम’ म्हणण्याइतकेच अडाणीपणाचे आहे. संदिग्ध द्रव्ये आणि भेसळ यांवर व्याख्याने देणाऱ्या आम्ही हा भेद घरच्या टोपलीपाशी करू नये, याची आम्हांस खंत वाटते.

रंगाचीही गोष्ट अशीच. आमच्या आसव-अरिष्टांची बाटली तपकिरी असते ती शोभेसाठी नाही. प्रकाशातील जे किरण औषधाला अपायकारक ठरतात, विशेषतः अतिनील, त्यांना ती काच अडवते. हा तपकिरी रंग येतो लोह, गंधक आणि कर्ब यांच्या भट्टीतील संयोगाने. पण पांढऱ्या, पारदर्शक काचेच्या भट्टीत तपकिरी तुकडे गेले तर ती सारी काच डागाळते. म्हणून रंगवार वेगळ्या केलेल्या काचेला भाव येतो आणि मिसळलेल्या काचेला जवळजवळ येत नाही. जर्मनीत रस्त्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेसाठी निरनिराळ्या पेट्या ठेवलेल्या असतात आणि नागरिक आपापल्या बाटल्या तेथवर नेऊन रंग पाहून टाकतात. रात्री आणि रविवारी त्यांत बाटल्या टाकू नयेत, शेजाऱ्यांची झोपमोड होते, अशी तेथे रीत आहे. आमच्याकडे ती पेटी म्हणजे एका बाईची ढकलगाडी, आणि रंग निवडायचा तो तिच्या उघड्या हाताने.

ही काही उसनी कल्पना आपल्यावर लादली जात आहे असे कोणी समजू नये. काचेशी महाराष्ट्राचे नाते स्वदेशीच्या दिवसांपासूनचे आहे. अंताजी दामोदर काळे यांनी घरोघरी एकेक पैसा मागून उभ्या केलेल्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला, आणि लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. १९१६ मध्ये सुरू झालेल्या ओगले काच कारखान्याने कराडजवळच्या माळाला ओगलेवाडी हे नाव दिले आणि ‘प्रभाकर’ कंदील खेड्यापाड्यांत पोहोचविला. मुंबईकर वाचकांना आरे दुधाच्या काचेच्या बाटल्या आठवतील. रिकामी बाटली धुऊन परत दिल्याशिवाय दुसऱ्या दिवशी दूध नाही, हे घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असे. गोटी सोड्याची बाटली तर दुकानदार ग्राहकाच्या हातून सुटूच देत नसे. आणि आमच्या आजोबांच्या पिढीतील वैद्याकडे काढा न्यायला रुग्ण आपलीच बाटली घेऊन येई. तिला दोरा बांधलेला असे आणि मात्रेच्या खुणेसाठी कागदाची पट्टी डकवलेली असे. ही सवय कोणा शासनाच्या आदेशाने लागली नव्हती. बाटली महाग होती, एवढेच. ती स्वस्त झाली आणि सवय गेली.

या साऱ्या व्यवहारात आमच्या शहराची एक गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. १९९३ मध्ये बाबा आढाव यांच्या पुढाकाराने पुण्यात कचरावेचकांची जी संघटना उभी राहिली तिचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे. पुढे २००८ मध्ये याच कष्टकऱ्यांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम अंगावर घेतले. बाबा आढाव यांनी आयुर्वेदाचे शिक्षण घेऊन पुण्यात काही काळ वैद्यकीही केली होती, याचे आम्हां वैद्यांना विस्मरण झाले आहे. काच हा शब्द ज्यांच्या संघटनेच्या नावात दुसऱ्या क्रमांकावर आहे, त्यांना प्रत्यक्षात काचेपासून मिळते काय? आमच्या भागात फुटक्या काचेचा भाव किलोमागे एखाद-दोन रुपयांच्या पुढे क्वचितच जातो. काच जड, गाडीत जागा अडवते, वाहून नेताना आणखी फुटते. म्हणून पुष्कळदा ती वेगळी काढण्यापेक्षा कचऱ्यात जाऊ देणे परवडते. अख्ख्या बाटलीला नगाप्रमाणे पैसे मिळतात, पण तेही मद्याच्या बाटलीला. भंगाराच्या दुकानात मद्याच्या बाटलीला जो मान आहे तो अरिष्टाच्या बाटलीला नाही, हे आम्ही स्वतः जाऊन पाहिले आणि निमूटपणे परत आलो.

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१६ साली अधिसूचित झालेल्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे कचऱ्याचे भाग घरातच करावेत असे सांगितले. मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटके तापमापक, वापरलेल्या सुया हे सारे त्यांनी घरगुती घातक कचऱ्यात घातले. त्याच वर्षीच्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत दवाखाने आणि आयुष रुग्णालये यांचाही स्पष्ट समावेश आहे. ज्यांच्याकडे सुईचे काम होते त्यांच्या अँप्यूल आणि इंजेक्शनच्या कुप्या निळ्या खुणेच्या, न टोचणाऱ्या, न गळणाऱ्या डब्यातच गेल्या पाहिजेत. त्या आमच्या तपकिरी बाटल्यांत मिसळून भंगारवाल्याला देणे हा केवळ नियमभंग नव्हे, तर ज्याच्या हाताला ती कुपी लागेल त्याच्याशी केलेली प्रतारणा आहे. आपल्या काही बंधूंकडे असे घडते हे आम्ही पाहिले आहे. अधिक लिहीत नाही.

औषधालयांच्या मालकांशी मात्र थोडे सविस्तर बोलणे आहे. गेल्या काही वर्षांत अनेकांनी काच सोडून प्लास्टिकची बाटली धरली. त्यांची कारणे आम्ही ऐकली आहेत आणि ती खोटी नाहीत. प्लास्टिक हलके आहे, वाटेत फुटत नाही, वाहतुकीला स्वस्त पडते, रुग्णाच्या हातून निसटले तरी औषध वाया जात नाही. आम्ही सांगितलेली दुर्घटनाही प्लास्टिकच्या बाटलीने घडली नसती. एवढे मान्य करूनही आमचा कौल काचेकडे आहे. आसव-अरिष्टे आम्लधर्मी असतात, त्यांत स्वयंजनित मद्यांश असतो, ती महिनोन्‌महिने बाटलीत राहतात, आणि मुरल्याने त्यांचे गुण वाढतात असे आम्हीच रुग्णांना सांगतो. अशा द्रव्याला निष्क्रिय पात्र हवे, आणि काचेइतके निष्क्रिय पात्र दुसरे आमच्या पाहण्यात नाही. परंतु काचेचा हा पुरस्कार अर्धाच राहतो, जर ती बाटली परत भट्टीकडे जाणार नसेल तर. न परतणारी काचेची बाटली म्हणजे प्लास्टिकपेक्षा जड आणि अधिक धारदार कचरा. ‘आम्ही काचेतच देतो’ असे अभिमानाने सांगणाऱ्यांत आम्हीही होतो, म्हणून हे लिहिण्याचा अधिकार घेतो.

यावर दोन आक्षेप हमखास येतात. पहिला असा की, अख्खी बाटली लेबलासकट बाहेर गेली तर तिच्यात बनावट औषध भरून विकले जाईल, म्हणून ती फोडूनच टाकावी. ही भीती पोकळ नाही. पण बाटली फोडण्याने संरक्षण होते ते आमच्या नाममुद्रेचे, आणि हात कापतो दुसऱ्याचा. लेबल काढून टाकले, झाकणाची कडी तोडली, की बाटली निनावी होते. अडचण आमच्याच डिंकाची आहे. आमची लेबले पाण्यात रात्रभर बुडवली तरी निघत नाहीत. पाण्यात सुटणारा चिकटा वापरणे औषधालयांना अशक्य नाही. थोडा खर्च वाढेल, दमट हवेत काही लेबले सुटतील, अशी तक्रार एका औषधनिर्मात्या मित्राने केली. आम्ही त्यांना विचारले, की सुटलेल्या लेबलाला टाके किती पडतात? ते रागावले, आणि त्यांचे रागावणे बरोबरच होते, कारण हा युक्तिवाद नव्हता. पण नंतर त्यांनी एका तेलाच्या बाटलीवर दुसरा चिकटा लावून पाहिला आहे, हेही येथे नमूद केले पाहिजे.

दुसरा आक्षेप, हे नगरपालिकेचे काम आहे, वैद्याचे नाही. यावर आम्ही चरकांच्या जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायाकडे बोट दाखवून मोकळे होऊ शकलो असतो. वायू, उदक, देश आणि काल यांच्या दुष्टीचा उच्चार आमच्या प्रत्येक परिसंवादाच्या उद्घाटनात होतोच. पण त्या मोठ्या शब्दांच्या आड लपण्याचा आम्हांस आता कंटाळा आला आहे. साधा प्रश्न घ्यावा. बाटली रुग्णाच्या घरी कोणी पाठविली? रुग्ण महानगरपालिकेच्या अधिकाऱ्याचे ऐको न ऐको, वैद्याचे ऐकतो. दही रात्री खाऊ नका म्हटले तर तो निदान आमच्यासमोर तरी मान डोलावतो. त्याच पर्चीवर आणखी एक ओळ लिहायला आम्हांस शाई कमी पडणार नाही.

ही ओळ आम्ही गेल्या वर्षभरापासून लिहीत आहोत: रिकामी बाटली विसळून, अख्खी, वेगळी द्यावी. फुटली तर कागदात गुंडाळू नये. जाड पुठ्ठ्याच्या खोक्यात किंवा झाकणाच्या डब्यात ठेवून वर मोठ्या अक्षरांत ‘काच’ लिहावे आणि कचरा नेणाऱ्या व्यक्तीच्या हातात सांगून द्यावे. ओल्या कचऱ्यात ती कधीही जाऊ नये. विसळण्याचे महत्त्व आसवांच्या बाबतीत विशेष आहे, कारण तळाशी राहिलेल्या गोडाला मुंग्या आणि गांधीलमाश्या लागतात, आणि तेथेही शेवटी हात घालायचा तो बाईंनाच. तेलाच्या बाटल्या पाण्याने निघत नाहीत. आमच्याकडे त्यांत चमचाभर डाळीचे पीठ आणि कढत पाणी घालून खळखळवतात, नंतर सोड्याच्या पाण्याने धुतात. नारायण तेलाची बाटली दोन वेळा धुवावी लागते. महानारायणाची तीन वेळा, असे आमच्या मदतनीस मुलीचे मत आहे आणि तिने ते प्रयोगाने सिद्ध केले आहे.

दवाखान्याच्या ओसरीवर आम्ही एक लाकडी क्रेट ठेवली. पहिल्या महिन्यात तिचा तळही झाकला गेला नाही. मग बाटलीमागे दोन रुपये परत देण्याची पाटी लावली. दोन रुपयांसाठी कोणी आले नाही, उलट काहींना त्यात कमीपणा वाटला. तेव्हा पाटी काढून टाकली आणि औषध देताना बाईंच्या हाताची हकीकत, नाव न सांगता, सांगू लागलो. त्यानंतर बाटल्या येऊ लागल्या. इतक्या, की आमची दुसरी चूक उघडी पडली. पावसाळ्यात ओसरीवर उभ्या ठेवलेल्या बाटल्यांत पाणी साचले आणि त्यात डासांच्या अळ्या झाल्या. डेंग्यूच्या दिवसांत वैद्याच्या दारात ही शेती! तेव्हापासून बाटल्या उपड्या ठेवतो. लोक आमच्या बाटल्यांबरोबर सरबताच्या, लोणच्याच्या, सॉसच्या बाटल्याही आणतात. पांढऱ्या आणि तपकिरी अशा दोन क्रेट केल्यावर तोही प्रश्न सुटला. एकदा एक आजोबा आरसा घेऊन आले. तो का चालत नाही हे समजावून सांगण्यात अर्धा तास गेला, आणि शेवटी त्यांनी गुडघेदुखीसाठी नाडी दाखवली.

एक इशारा दिला पाहिजे. परत आलेल्या बाटल्या धुऊन त्यांतच दुसऱ्या रुग्णाला औषध भरून देण्याचा मोह काही छोट्या दवाखान्यांना होईल. तो टाळावा. रुग्णाने स्वतःची बाटली आणली आणि त्यालाच पुन्हा तेच तेल भरून दिले, तर गोष्ट वेगळी. औषधनिर्मात्यांनी पुनर्भरण करायचे तर त्याला शिस्त हवी. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल ‘टी’ मध्ये काचेची पात्रे धुणे, स्वच्छ करणे आणि वाळवणे यांसाठी उत्पादनाच्या जागेपासून वेगळी व्यवस्था असावी असे सांगितलेलेच आहे. ती ज्यांच्याकडे आहे त्यांनीच त्या वाटेला जावे. इतरांसाठी भट्टीची वाट पुरेशी आहे.

आमच्या संघटनेपुढे एक सूचना मांडतो. जिल्ह्यातील औषधनिर्मात्यांनी एकत्र बसून आसव-अरिष्टांसाठी ठराविक दोन मापांची, एकाच घडणीची तपकिरी बाटली ठरवावी. आज प्रत्येकाची मान वेगळी, खांदा वेगळा, नक्षी वेगळी. एकसारखी बाटली असेल तर ती कोणाचीही कोणालाही परत घेता येईल, आणि अख्ख्या अरिष्टाच्या बाटलीलाही भंगाराच्या दुकानात नगाप्रमाणे भाव मिळेल. नाममुद्रेची शोभा लेबलावर दाखवावी, काचेवर नको. येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा अशी विनंती आम्ही कार्यकारिणीला लेखी केली आहे. ज्यांना हे व्यवहार्य वाटत नसेल त्यांनी आपली कारणे सभेपूर्वी संपादकांकडे धाडावीत. विरोधाचे पत्र आले तर आम्हांस आनंदच होईल, कारण आजवर या विषयावर एकही पत्र आलेले नाही.

आमच्या क्रेट दर शनिवारी त्याच बाई घेऊन जातात. विक्रीचे पैसे त्यांचेच असतात. त्या वेळी त्यांचे बारा दिवसांचे काम बुडाले होते, सूनबाईंनी फेरी सांभाळली म्हणून घरे तुटली नाहीत. जखम भरली, जात्यादि तेलाने व्रण मऊ झाला, तरी अंगठ्याची पकड अजून पहिल्यासारखी नाही. बाटलीच्या मानेवर राहणारी झाकणाची पत्र्याची कडी त्यांना पिळून काढता येत नाही. म्हणून ते काम शुक्रवारी संध्याकाळी, रुग्ण संपल्यावर, पक्कड घेऊन आम्हीच करतो.